उसाचं बिल १४ दिवसांत, मग वेबसाइटचं बिल कधी? कोल्हापूर जिल्ह्यातल्या उद्योजक-व्यापारी मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

शिरोली आणि गोकुळ शिरगावचे कारखानदार, हुपरीचे चांदीवाले, इचलकरंजीचे यंत्रमागवाले, महाद्वार रोड-राजारामपुरीतले दुकानदार, शाळा-कॉलेजं चालवणाऱ्या संस्था, हॉटेल आणि मंगल कार्यालयवाले, हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे, आणि तुमच्या ज्या ज्या संघटना आहेत त्यांच्या पदाधिकाऱ्यांना तर खासच. मी गेली ११ वर्षं कोल्हापुरात राहून वेबसाइट करायचं काम करतोय, कुठल्या कंपनीत नाही, स्वतःचं स्वतः, ज्याला फ्रीलान्स म्हणतात. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं काम केलंय, काही जणांच्या घरी जेवलोय, आणि ज्यांनी ठरल्या दिवशी पैसे दिले त्यांची नावं मला तोंडपाठ आहेत.

पत्र लिहायचं कारण सांगतो. माझ्याबरोबर चार वर्षं काम करणारा एक पोरगा गेल्या महिन्यात पुण्याला नोकरीला लागला. हुशार पोरगा, कोड स्वच्छ लिहायचा, क्लायंटशी नीट बोलायचा, एका फोनवर काम समजून घ्यायचा. त्याला गाव सोडायचं नव्हतं, घरी आई-वडील, थोडी शेती, दोन म्हशी. पण तीन ठिकाणी मिळून त्याचे ८२ हजार अडकले होते, त्यातलं एक बिल सात महिन्यांचं, आणि तिन्ही ठिकाणी साइट चालू होती, लोक त्यावरून फोन करत होते. तिघांपैकी एकानंही "देणार नाही" असं म्हणलं नव्हतं, हे नीट लक्षात घ्या. "देतो की, कुठं जातोय", "साहेब बाहेरगावी आहेत", "मार्च एंड होऊ दे", एवढंच. जाताना तो मला म्हणला, दादा, पगार कमी आहे पण एक तारखेला येतो. मला यावर काही बोलताच आलं नाही.

तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय की आपण सगळे भावावर तासभर भांडतो आणि तारखेवर एक मिनिट बोलत नाही. तुम्ही ६० हजारांचे ४५ करा, मी करतो कमी, बाजार आहे, भाव होणारच. पण ४५ तर ४५, ते कधी येणार हे ठरलं नाही तर त्या आकड्याला काही अर्थ नाही, कारण माझं घरभाडं, लाइट बिल, गाडीचा हप्ता, मुलीची फी, यातलं काहीच "बघू" वर चालत नाही.

आणि ही गोष्ट या जिल्ह्यात समजावून सांगायची वेळ यावी याचं मला खरंच वाईट वाटतं. ऊस तोडून कारखान्याला घातला की १४ दिवसांत एफआरपी म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान भाव, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज, हे ऊस नियंत्रण आदेशात आहे आणि आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्या १४ दिवसांसाठी आपल्याकडं रस्ते अडवले गेलेत, आंदोलनं झालीत, तुमच्यातले कितीतरी जण स्वतः शेतकरी म्हणून त्यात होते. मग ज्यांना उसाच्या बिलाची तारीख एवढी कळते त्यांना आपल्याच गावातल्या पोराच्या बिलाची तारीख का कळू नये?

आता यात सगळी चूक तुमची आहे असं मी म्हणणार नाही. माझीच एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका दुकानाची ऑनलाइन विक्रीची साइट घेतली, ६० हजार ठरले, २० अ‍ॅडव्हान्स आणि ४० "साइट लाइव्ह झाल्यावर". कोटेशनवर मीच हे तीन शब्द लिहिले होते. दीड महिन्यात साइट तयार झाली, कार्ट चालू, पेमेंट चालू, बिल निघत होतं, सगळं टेस्टिंग लिंकवर, म्हणजे साइट लोकांसाठी खुली करायच्या आधीच्या तात्पुरत्या पत्त्यावर, त्यांना दाखवलं, ते खूश, चहा झाला. राहिलं होतं फक्त त्यांच्याकडून मालाचे फोटो आणि भाव यायचे. ते पुढच्या आठवड्यात येणार होते. मग लग्नसराई आली, मग पावसाळा, मग गणपती, मग दिवाळी. नऊ महिने मी दर पंधरा दिवसांनी फोन करत होतो आणि प्रत्येक वेळी अगदी प्रेमानं बोलणं व्हायचं. शेवटी कळलं की भाच्यानं इन्स्टाग्रामवर पेज काढलंय, ऑर्डरी तिकडूनच येतात, आता वेबसाइटची तशी गरज राहिली नाही. साइट लाइव्ह झालीच नाही म्हणजे ठरल्याप्रमाणं माझे ४० द्यायची वेळ आलीच नाही! कागद बघितला तर त्यांचं बरोबर होतं. काम माझ्याकडून संपलं होतं आणि पैसे मात्र त्यांच्या कामावर टांगलेले होते.

या धंद्यातली निम्म्याहून जास्त भांडणं याच एका जागी होतात, काम संपलं हे कोण ठरवणार. वेबसाइट ही गोष्ट अशी आहे की तिच्यात करणाऱ्याचं काम वेगळं आणि करून घेणाऱ्याचं वेगळं. डिझाइन, कोड, सर्व्हर हे आमचं. लोगो, फोटो, मॅटर, भाव, पेमेंट गेटवेसाठी (साइटवर ऑनलाइन पैसे घ्यायच्या सोयीसाठी) लागणारी पॅन, बँकेची, जीएसटीची कागदपत्रं हे तुमचं, कारण तुमच्या खात्यात पैसे जमा व्हायचे तर केवायसी तुमचंच लागणार, ते मी कुठून आणू? आणि मॅटर म्हणजे काय प्रकार असतो हे ज्यानं केलंय त्यालाच माहीत. संस्थेचा इतिहास येतो तो १५ वर्षांपूर्वीच्या स्मरणिकेच्या पेजमेकर फाइलमध्ये, श्रीलिपीत म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला, तो वेबसाइटवर टाकला की नुसती चिन्हं दिसतात, मग तो युनिकोडमध्ये बदलायचा, बदलताना रफार आणि जोडाक्षरं फुटतात, ती एकेक ओळ वाचून दुरुस्त करायची. संचालकांचे फोटो येतात व्हॉट्सअ‍ॅपवर, मासिकातल्या पानाचा मोबाइलनं काढलेला फोटो. हे सगळं आम्ही करतो, तक्रार नाही, पण हे कोटेशनमध्ये धरलेलं नसतं आणि यात गेलेले आठवडे "साइटला उशीर केला" म्हणून आमच्याच नावावर पडतात.

म्हणून माझी पहिली मागणी. पैशाचे टप्पे आम्ही काय हातात दिलं त्यावर ठरवा. लाइव्ह कधी झालं हे त्यात आणू नका. मी आता असं करतो, काम ठरलं की ४० टक्के, टेस्टिंग लिंकवर पूर्ण चालणारी साइट दाखवली की ३० टक्के, आणि सगळ्या चाव्या म्हणजे लॉगिन, पासवर्ड, फाइली, बॅकअप तुमच्या ताब्यात देताना उरलेले ३०. लिंक दिल्यापासून १५ दिवस तुम्हाला तपासायला, काय चुकलंय ते एका मेलवर लिहून पाठवा, मी दुरुस्त करतो. १५ दिवसांत काहीच आलं नाही तर काम मान्य आहे असं धरायचं. तुमचं मॅटर यायचं राहिलं असेल तर येईल तेव्हा मी येऊन टाकून देईन, त्याचे वेगळे पैसे नाहीत, पण माझा हप्ता त्यासाठी थांबणार नाही.

अ‍ॅडव्हान्स म्हणलं की बऱ्याच जणांच्या कपाळावर आठ्या येतात. "काम बघितल्याशिवाय पैसे कसे द्यायचे?" मी शिरोलीच्या फौंड्रीवाल्यांना विचारतो, नवीन पार्टी कास्टिंगची ऑर्डर घेऊन आली की पॅटर्नचे, म्हणजे साचा करायच्या नमुन्याचे, पैसे तुम्ही आधी मागता का नाही? मागता, कारण त्या पार्टीचा पॅटर्न दुसऱ्या कोणाच्या कामाचा नाही, ऑर्डर रद्द झाली तर तो पडून राहणार. तुमच्यासाठी केलेलं डिझाइन हा आमचा पॅटर्न आहे, तो दुसऱ्याला विकता येत नाही. मंगल कार्यालयवाले तारीख बुक करतानाच पैसे घेतात, कारण ती तारीख दुसऱ्याला द्यायची नाही असा शब्द दिलेला असतो, आणि मीसुद्धा तुमचं काम घेतलं की त्या महिन्यात दुसऱ्या दोघांना नाही म्हणलेलं असतं. अर्थात अ‍ॅडव्हान्स घेणाऱ्यावरही बंधन पाहिजे. मी ठरलेल्या मुदतीत टेस्टिंग लिंक दाखवलीच नाही तर पैसे परत मागायचा तुम्हाला हक्क आहे, तो लिहून घ्या. आणि मध्येच तुमचा विचार बदलला, काम थांबवायचं झालं, तर तोपर्यंत झालेल्या कामाचे पैसे द्यायचे, अ‍ॅडव्हान्स परत मागायचा नाही, हेही त्याच कागदावर.

आता कायद्याचं. हे मी धमकी म्हणून लिहीत नाहीये, पण तुम्हाला हा कायदा माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे म्हणून लिहितोय. एमएसएमई म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा, २००६ चा. त्याप्रमाणं सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली तर लेखी ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे आणि ती तारीख कितीही लांब ठरवली तरी ४५ दिवसांच्या पुढं नेता येत नाही, आणि लेखी काही ठरलंच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ, असं व्याज. आणि काम संपलं कधी हा जो प्रश्न मी वर मांडला त्याचंही उत्तर त्यात आहे, माल किंवा सेवा मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर मिळाल्याच्या दिवशीच ती स्वीकारली असं धरायचं. माझ्या कागदावरचे १५ दिवस मी तिथूनच घेतलेत. मोठ्या वाहन कंपन्या तुमचे पैसे अडकवतात तेव्हा तुम्ही हाच कायदा घेऊन भांडता, उशिरा मिळणाऱ्या पैशांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकता, आणि अगदी बरोबर करता. २०२४ च्या मार्चमध्ये तुमच्या सीएनी तुम्हाला फोन करून करून सांगितलं असेल की छोट्या सप्लायरचे पैसे वेळेत दिले नाहीत तर तो खर्च आयकरात या वर्षी धरता येणार नाही, प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षीच धरता येईल. तेव्हा तुम्ही अशा सप्लायरची जी यादी केली त्या यादीत जॉबवर्कवाले, पॅकिंगवाले सगळे होते. वेबसाइटवाला पोरगा त्या यादीत होता का? उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारकडची नोंदणी, असलेला फ्रीलान्स डेव्हलपर हाही सूक्ष्म उद्योगच आहे. जुलै २०२० पासून ही नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे, आधार-पॅन लागतं, बास. (माझ्या धंदाभावांनो, हे पत्र तुम्ही वाचत असाल तर आज करून टाका, आणि काम घ्यायच्या आधी करा, पैसे अडकल्यावर नाही.)

मी स्वतः अजून एकदाही तक्रार टाकलेली नाही. कोल्हापूर एवढंसं आहे, आज ज्याच्यावर तक्रार टाकली तो उद्या लग्नात पंगतीला शेजारी बसलेला असतो. म्हणून तर पत्र लिहितोय.

लेखी करार म्हणलं की "आपल्यात कशाला कागद" हे वाक्य येतं. या वाक्यामागं आपुलकी असते हे मला कळतं आणि मी त्याचा अपमान करणार नाही. पण कागद नसल्यानं तुमचं किती नुकसान होतं हे तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही. तुम्हाला वाटतं पैसे दिले म्हणजे वेबसाइट तुमची झाली. कॉपीराइट कायदा, १९५७ चा, तसं म्हणत नाही. पगारी नोकरानं नोकरीचा भाग म्हणून कोड लिहिला तर तो मालकाचा, पण बाहेरच्या फ्रीलान्सरनं लिहिला तर, वेगळं काही ठरलं नसेल तर, पहिला मालक तो लिहिणारा, आणि हक्क तुमच्या नावावर करायचे तर ते लेखी आणि सहीनिशी करावे लागतात. त्यातही मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं धरतात आणि कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नाही तर फक्त भारत. बाहेर माल पाठवणाऱ्या कारखानदारांनी हे दोनदा वाचावं. तेव्हा शेवटचा हप्ता मिळताक्षणी कोड आणि डिझाइनचे सगळे हक्क कायमचे, जगभरासाठी तुमच्या नावावर, ही ओळ कागदावर पाहिजे आणि ती तुम्ही आमच्याकडून मागून घेतली पाहिजे.

आणि डोमेन, म्हणजे वेबसाइटचं इंटरनेटवरचं नाव. इथं मला आमच्या लोकांबद्दल बोललंच पाहिजे कारण तुमचा राग कुठून येतो ते मी बघितलंय. हुपरीचे एक चांदीचे व्यापारी माझ्याकडं आले, बारा वर्षं जुनं डोमेन, डब्यांवर, पिशव्यांवर, व्हिजिटिंग कार्डावर छापलेलं, आणि एक दिवस साइट बंद, मेल बंद. साइट करणाऱ्यानं डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या मेलवर घेतलेलं, तो मधल्या काळात परदेशात गेला, रिन्यूअलचे मेल त्याच्या जुन्या पत्त्यावर जात राहिले, मुदत संपली, त्यानंतरची सोडवून घ्यायची मुदतही संपली आणि दुसऱ्याच कोणीतरी ते नाव उचललं. बारा वर्षांचं नाव गेलं. त्या माणसानं पैसे बुडवले नव्हते, उलट वेळच्या वेळी दिले होते. अशा माणसाला मी अ‍ॅडव्हान्सबद्दल बोललो तेव्हा ते जे बोलले त्याचं मला वाईट वाटलं नाही. काही जण तर डोमेन मुद्दाम स्वतःकडं ठेवतात, पैशाच्या वांध्यात ओलीस म्हणून, आणि हे चूक आहे, पैसे अडकले असले तरी चूक आहे. डोमेन पहिल्या दिवसापासून तुमच्या नावावर, तुमच्या मेलवर, तुमच्या कार्डावरून घेतलेलं पाहिजे. होस्टिंगचंही (साइट ठेवायच्या सर्व्हरवरच्या जागेचंही) तेच. शिवाय विचारा की थीम (तयार डिझाइन) आणि प्लगइन (साइटला जोडायचे तयार प्रोग्राम) यांची लायसन्स खरी आहेत का, कुठूनतरी फुकट उतरवलेली चोरटी प्रत टाकली तर सहा महिन्यांनी तुमच्या साइटवर भलत्याच जाहिराती दिसायला लागतात आणि मग ती साफ करायला मूळ साइटएवढाच खर्च येतो. मी अशा साइट साफ केल्यात. त्या करणाऱ्यांची कोटेशनं सगळ्यात स्वस्त होती.

स्वस्त म्हणलं म्हणून, "भाचा ५ हजारात करून देतो" याबद्दल एवढंच सांगतो की ५ हजारात होणारी साइट असते, पाच पानांची, तयार साच्यातली, आणि बऱ्याच दुकानांना तेवढीच पुरते. तुमचं काम तेवढंच असेल तर मी स्वतः सांगतो भाच्याकडून करून घ्या आणि भाच्यालाही पैसे वेळेवर द्या. पण कोटेशन मागताना तुमचं बजेट सांगा. ते सांगितलं की हा तेवढंच बिल लावणार अशी भीती असते, पण बजेट कळलं तर मी सांगू शकतो यात हे बसेल, ते बसणार नाही, ते पुढच्या वर्षी करू. न सांगता पाच जणांकडून पाच कोटेशनं मागवली तर त्यात प्रत्येकानं वेगळीच वेबसाइट धरलेली असते आणि तुम्ही फक्त खालचा आकडा बघता.

बदलांचं एक राहिलं. रात्री साडेदहाला मेसेज, "जरा एवढं हिरवं करून बघा", मग "नको, आधीचंच बरं होतं", मग घरातलं कोणीतरी बघतं आणि सगळं परत पहिल्यापासून. दोन फेऱ्या बदल मूळ पैशात, त्यापुढं तासाच्या दरानं, आणि बदल सांगणारा तुमच्याकडचा माणूस एकच, ही गोष्ट ठरली की निम्मा त्रास जातो. साइट झाल्यावरची देखभाल हे वेगळं काम आहे, त्याचे वर्षाचे पैसे वेगळे, जसं लिफ्टचं असतं, जसं तुमच्या सीएनसी मशीनचं असतं.

टीडीएसबद्दलही (पैसे देतानाच कापायच्या आयकराबद्दल) सांगतो कारण त्यात उगाच गैरसमज होतात. कायद्यानं कापायचा असेल तर जरूर कापा, मला काही अडचण नाही, पण कापलेला सरकारजमा करा आणि कापल्याचं प्रमाणपत्र द्या. कापलाय म्हणून सांगायचं आणि आयकर खात्याच्या नोंदीत माझ्या नावावर तो दिसायचाच नाही, असं दोनदा झालंय, ते पैसे माझेच होते. आणि सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, तेव्हा "जीएसटी नंबर नाही म्हणजे बिल कच्चं" असं धरून पैसे थांबवू नका, त्याचं साधं बिलसुद्धा पक्कं बिलच आहे.

आता एक गोष्ट जी तुम्हाला इथून दिसत नाही. माझ्या ओळखीतले चार चांगले डेव्हलपर कोल्हापुरातच राहतात पण कोल्हापूरचं काम घेत नाहीत. अपवर्कसारख्या ठिकाणी बाहेरच्या देशातली कामं करतात. दर जास्त मिळतो हे खरं, पण त्यांना विचारलं तर ते दुसरंच कारण सांगतात, तिथं ठरलेल्या कामाच्या टप्प्याचे पैसे क्लायंटला आधीच भरून ठेवायला लागतात, ते मधल्या खात्यात राहतात, काम दिलं, त्यानं पास केलं की सुटतात, आणि ठराविक दिवसांत त्यानं काहीच कळवलं नाही तर आपोआप सुटतात. न्यूयॉर्क शहरात तर २०१७ पासून कायदाच आहे, ८०० डॉलर किंवा जास्त रकमेचं काम असेल तर फ्रीलान्सरशी लेखी करार करावाच लागतो आणि तारीख ठरली नसेल तर काम पूर्ण झाल्यावर ३० दिवसांत पैसे. म्हणजे ज्या पोरांना मराठी येतं, गुळाचा बाजार, चपलांचा बाजार, चांदीची घडणावळ कळते, श्रीलिपीतलं मॅटर वाचता येतं, ती पोरं हजारो मैलांवरच्या कुठल्यातरी दुकानाची साइट करतायत आणि आपल्या दुकानाला माणूस मिळत नाही म्हणून आपण पुण्या-मुंबईच्या एजन्सीला तिप्पट पैसे देतोय, आणि ते मात्र अ‍ॅडव्हान्स दिल्याशिवाय फोनही उचलत नाहीत, आणि तिथं आपण निमूट देतो! हे मला खूप लागतं. आपल्या पोराशी ओळख आहे म्हणून त्याला थांबवायचं आणि ओळख नाही म्हणून परक्याला आधी द्यायचे, ओळखीचा असा उलटा तोटा कोणाला होऊ नये.

संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. तुमच्या मासिक बैठकीत मला आणि अजून चार-पाच डेव्हलपरना अर्धा तास द्या. मी दीड पानाचा मराठी करार तयार केलाय, त्यात काम काय, कोणी काय द्यायचं, तीन हप्ते आणि त्यांच्या तारखा, १५ दिवसांची तपासणी, बदलांच्या दोन फेऱ्या, डोमेन कोणाच्या नावावर, हक्क कधी तुमचे होणार, आणि मी चुकलो तर पैसे परत कसे, एवढंच आहे. तुमच्या वकिलांना दाखवा, त्यात तुमच्या बाजूनं काही कमी असेल तर घाला, मला वाद घालायचा नाही. मग तो तुमच्या सभासदांना वाटा, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येक वेळी पहिल्यापासून घासाघीस करायला नको आणि नवीन धंद्यात आलेल्या २२-२३ वर्षांच्या पोराला मोठ्या माणसापुढं पैशाचं बोलायला लाज वाटते, त्याच्या तोंडचे शब्द त्या कागदावर आधीच लिहिलेले असतील.

आणि सुरुवातीला ज्याचं सांगितलं त्या पोराच्या तीन बिलांपैकी एक तो पुण्याला गेल्यावर मिळालं, त्या गृहस्थांनी स्वतः फोन करून उशिराबद्दल बोलून पैसे दिले, त्यांचे मनापासून आभार. दोन बिलं अजून बाकी आहेत, मिळून ५४ हजार. ज्यांच्याकडची आहेत त्यांना माहीत आहे. त्याचा खाते नंबर तोच आहे, बिलाच्या खाली लिहिलेला.

आपला,
कोल्हापुरातला एक वेब डेव्हलपर